दुसऱ्याच्या कोडवर उभं असलेलं रिसर्च सॉफ्टवेअर पब्लिश करताना लायसन्स आणि श्रेय कसं लावायचं

दर वर्षी एप्रिल-मे आला की हेच. पेपर शेवटच्या टप्प्यात असतो, जर्नलवाले म्हणतात गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साईटवरची लिंक द्या आणि लायसन्स, म्हणजे तो कोड कुणी कसा वापरायचा याची परवानगी, कुठलं ते लिहा, आणि मग रात्री अकराला फोन येतो, "दादा, गिटहबवर लायसन्सची लिस्ट उघडलीय, त्यातलं कुठलं दाबू?" मी म्हणतो, आत कुणाकुणाचा कोड आहे ते सांग आधी. पलीकडं शांत. मग हळूच, "एमआयटी दाबलं, सगळे तेच दाबतात."

एमआयटी हे एक सैल लायसन्स, पण गाडी इथंच उलटी लागते. स्वतःचं लायसन्स निवडणं खाली पाचव्या पायरीवर आहे आणि त्याच्या आधीच्या चार पायऱ्या गाळल्या की पुढचं सगळं परत करावं लागतं, हे मी सांगलीतल्या चार-पाच प्रोजेक्टवर बघितलंय, त्यातल्या एकात चूक माझीच होती, ती येईलच पुढं.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा. दुसऱ्याचा कोड वापरला की देणी दोन लागतात. आपल्याकडं स्टीलच्या भांड्यावर नाव घातलेलं असतं ना, शेजारच्या काकूंचं पातेलं आणलं, त्यात बासुंदी केली, अख्ख्या गल्लीला वाटली तरी पातेल्यावरचं नाव कुणी घासून काढत नाही. लायसन्समधली कॉपीराईटची ओळ म्हणजे ते नाव, ते ठेवणं कायद्याचं देणं. आणि पंगतीत "पातेलं काकूंचं होतं बरं का" असं तोंडानं सांगणं म्हणजे साइटेशन, ते संशोधनाच्या रीतीचं देणं. पेपरात नमपायचा (आकडेमोडीची पायथनमधली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा) संदर्भ दिला म्हणून लायसन्सची नोटीस माफ होत नाही, आणि नोटीस ठेवली म्हणून संदर्भ माफ होत नाही. निम्म्या चुका ही दोन देणी एकच समजल्यानं होतात.

उदाहरणाला एकच प्रोजेक्ट शेवटपर्यंत धरतो. समजा दोघा पोरांनी पायथनमधे प्रोग्राम केलाय, कोयनेचा विसर्ग आणि पाऊस घालायचा आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर जाईल ते बघायचं, ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ ची धोका पातळी रेघेनं दाखवायची. आत नमपाय, पांडाज, सायकिट-लर्न, मॅटप्लॉटलिब, पायएफएफटीडब्ल्यू या लायब्ररी, स्क्रीनवरच्या खिडकीसाठी पायक्यूटी५, नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप, मराठी अक्षरांसाठी मुक्ता फॉन्ट, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साईटवरनं उचललेलं एक फंक्शन आणि मागच्या बॅचच्या सिनिअरचा अर्धा कोड. बऱ्याच रेपोत (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या फोल्डरात) साधारण असलाच मसाला असतो.

पायरी १ – मालक कोण ते आधी ठरवा

लायसन्स देणार कोण? ज्याचा कॉपीराईट आहे तोच. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत धरलाय, आणि कलम १७ प्रमाणं नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे प्राध्यापकांनी किंवा पगारी प्रोजेक्ट असिस्टंटनं लिहिलेला भाग बहुतेक वेळा संस्थेकडं जातो, बिनपगारी विद्यार्थ्यानं लिहिलेला भाग सहसा त्याचा स्वतःचा राहतो, पण कॉलेजची पॉलिसी किंवा फंडिंगचं पत्र वेगळं सांगत असेल तर ते धरायचं.

करायचं काय तर:

- कोड लिहिलेल्या सगळ्यांची नावं काढा, सोडून गेलेल्यांची पण.
- प्रत्येकाकडनं एक ओळीचा ईमेल घ्या, "मी लिहिलेला भाग अमुक लायसन्सखाली प्रसिद्ध करायला माझी हरकत नाही". लायसन्सचं नाव पाचव्या पायरीनंतर घाला, पण माणसं आत्ताच शोधून ठेवा, कारण पास होऊन पुण्याला गेलेला सिनिअर सापडायलाच पंधरा दिवस जातात.
- गाईडना आणि संस्थेला विचारून लेखी घ्या. तोंडी "टाका की" चालत नाही, उद्या एचओडी बदलले की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर जाते.

सावध: सध्या कॉलेजांत सॉफ्टवेअरचा कॉपीराईट रजिस्टर करायची टूम आहे, डायरी नंबर मिळाला की पोरांना वाटतं लायसन्सचं काम झालं. दोन्हीचा काही संबंध नाही. भारतात कॉपीराईट कोड लिहिल्याबरोबर मिळतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, आणि रजिस्टर केल्यानं वापरणाऱ्याला कसलीच परवानगी मिळत नाही. उलट अर्जाबरोबर जोडलेल्या कोडमधे दुसऱ्याच्या लायब्ररीच्या फायली असतील आणि तुम्ही सगळं आमचं म्हणून सही केली असेल तर तो वेगळाच घोळ.

पायरी २ – यादी काढा, दोन वेळा

पहिली यादी मशीननं, दुसरी हातानं.

मशीनची यादी तुमच्या रोजच्या लॅपटॉपवर काढू नका, दोन वर्षांत जे काय इन्स्टॉल केलं ते सगळं त्यात येतं आणि मग खरं काय लागतं ते कळत नाही. क्रम असा ठेवा: कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी रिकामी जागा) करा, रिक्वायरमेंट्स फाईलमधनं (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) इन्स्टॉल करा, प्रोग्राम पूर्ण चालवा म्हणजे नकाशा, ग्राफ, पीडीएफ सगळी बटणं दाबून, कुठं अडला तर ती तुम्ही विसरलेली लायब्ररी, ती घाला, आणि सगळं चाललं की मगच पिप-लायसन्सेस नावाचं टूल लावा. ते नाव, व्हर्जन आणि लायसन्स देतं, ऑप्शन दिला तर प्रत्येकाच्या लायसन्सचा अख्खा मजकूर पण ओढून देतं. तुम्ही मागितलेल्या आठ लायब्ररीच्या जागी तीस-पस्तीस नावं दिसली तर घाबरू नका, लायब्ररीच्या पाठीमागनं तिच्या लायब्ररी येतात, लग्नाला एकाला बोलावलं की जीपभर येतात तसं. ती सगळी मोजायची.

आर भाषावाल्यांना पॅकेजच्या डिस्क्रिप्शन फाईलमधे लायसन्सची ओळ मिळते, जावास्क्रिप्टवाल्यांसाठी लायसन्स-चेकर आहे. कोणाचा कोड कुठनं आला हेच माहीत नाही असा जुना रेपो गळ्यात पडला असेल तर स्कॅनकोड टूलकिट लावा, ते फाईल-फाईल वाचतं, वेळ खातं, पण कॉपी केलेलं पकडून देतं.

आता हाताची यादी, आणि खरी भानगड हीच, कारण टूलला फक्त इन्स्टॉल केलेलं दिसतं. हे स्वतः शोधा:

- फाईलमधे पेस्ट केलेला दुसऱ्याचा कोड, स्टॅक ओव्हरफ्लो, ब्लॉग, कुणाची तरी जुनी गिस्ट (गिटहबवर ठेवलेला कोडचा तुकडा)
- पुस्तकातनं टाईप केलेली फंक्शन्स. न्यूमरिकल मेथड्सच्या एका फार गाजलेल्या पुस्तकातला कोड पुढं वाटायला परवानगीच नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या सी आणि फोरट्रान प्रोग्राममधे तो हमखास निघतो
- वेबपेजमधे बाहेरच्या लिंकवरनं येणाऱ्या जावास्क्रिप्ट फायली
- फॉन्ट, आयकॉन, लोगो
- नकाशे आणि नदीकाठाच्या रेघा
- ट्रेन केलेली मॉडेल्स
- डेटा

डेटाबद्दल दोन ओळी जास्त. साईटवर दिसतोय म्हणून तो रेपोत टाकता येत नाही. केंद्र सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवरच्या डेटाला २०१७ चं सरकारी ओपन डेटा लायसन्स आहे, त्यात स्रोत सांगितला की वापरता येतो. पण एखाद्या ऑफिसातनं ओळखीनं पेन ड्राईव्हवर आणलेली रोजच्या पातळीची एक्सेल शीट हा वेगळा प्रकार, तिथं लेखी परवानगी नसेल तर शीट रेपोत टाकू नका, त्याऐवजी तसाच खोटा नमुना डेटा टाका आणि खरा कुठं मागायचा ते रीडमीत (रेपोच्या माहितीच्या फाईलमधे) लिहा. गुगल मॅपच्या फोटोवर रेघा मारून काढलेला नदीकाठ पण काढून टाका, त्यांच्या अटीत तसा डेटा तयार करायला मनाई आहे.

सगळं एका शीटमधे भरा. कॉलम: नाव, व्हर्जन, कुठनं घेतलं, लायसन्स, कॉपीराईटची ओळ जशीच्या तशी, आपण त्यात बदल केला का, आणि संदर्भ द्यायचा पेपर किंवा डीओआय (पेपरचा किंवा कोडचा कायमचा ओळख नंबर). शेवटचा कॉलम सातव्या पायरीला लागतो, आत्ता कंटाळा केला तर तेव्हा परत तीस पेजेस उघडावी लागतील.

तपासा: शीटमधे "अननोन" लिहिलेली एकही ओळ राहिली नाही ना? टूलनं अननोन दाखवलं तर त्या लायब्ररीच्या रेपोत जाऊन स्वतः लायसन्स फाईल वाचायची. तिथंही काही नसेल तर पुढची पायरी बघा.

पायरी ३ – चार ढीग करा

पहिला ढीग, सैल लायसन्स. एमआयटी, दोन आणि तीन कलमी बीएसडी, अपाची २.०. नमपाय, पांडाज, सायकिट-लर्न तीन कलमी बीएसडीत येतात, मॅटप्लॉटलिबचं स्वतःचं आहे पण त्याच जातीचं. अट मुख्य एकच, नोटीस आणि लायसन्सचा मजकूर बरोबर द्या. अपाचीत थोडं जास्त आहे, बदललेल्या फायलीत बदल केल्याचं लिहायचं आणि मूळ पॅकेजमधे नोटिस नावाची फाईल असेल तर तिच्यातला मजकूर पुढं न्यायचा. ती फाईल ९० टक्के लोक विसरतात, म्हणजे मी मोजलं नाही, पण विसरतातच.

दुसरा, मधला. एलजीपीएल आणि एमपीएल २.०. लायब्ररी आहे तशी वापरा, तुमचा कोड तुमच्या लायसन्सखाली ठेवा, पण लायब्ररीत हात घातला तर तो बदल त्याच लायसन्सखाली उघडा करा. एलजीपीएलमधे वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून दुसरी बसवता आली पाहिजे हे पण आहे.

तिसरा, कडक. जीपीएल २, जीपीएल ३, एजीपीएल ३. यांच्याबरोबर जोडून वाटलेलं अख्खं काम त्याच लायसन्सखाली, सोर्ससकट म्हणजे मूळ कोडसकट द्यावं लागतं. आपल्या उदाहरणातलं पायक्यूटी५ इथलं, जीपीएल ३ नाहीतर पैसे भरून कमर्शियल.

चौथा ढीग, ज्याला लायसन्सच नाही, किंवा "फक्त शैक्षणिक वापरासाठी", "नॉन-कमर्शियल" असं लिहिलंय. लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान असं पोरांना वाटतं, अगदी उलट आहे, लायसन्स नाही म्हणजे सगळे हक्क राखीव. गिटहबवर पब्लिक ठेवलं तर तिथल्या तिथं बघायची आणि फोर्क (आपल्या खात्यात कॉपी) करायची परवानगी मिळते, तेवढीच. सिनिअरचा रेपो यातच येतो. त्याला फोन करा आणि लायसन्स फाईल टाकायला सांगा, पाच मिनिटांचं काम. नॉन-कमर्शियलला ओपन सोर्स म्हणत नाहीत, ओपन सोर्स लायसन्स पाहिजे म्हणणारी जर्नल्स ते घेत नाहीत.

सावध, आणि इथं मी स्वतः तोंडावर पडलोय: टूल जे लायसन्स दाखवतं ते वरच्या खोक्याचं असतं, आतल्या सामानाचं नसेलही. पायएफएफटीडब्ल्यूसमोर टूल बीएसडी दाखवतं आणि ते खरंच बीएसडी आहे, पण ते ज्या एफएफटीडब्ल्यूवर चालतं ती मूळ सी लायब्ररी जीपीएल आहे आणि इन्स्टॉल करताना ती बरोबरच येते. मी शीट बघून "सगळं बीएसडी, बिनधास्त टाका" म्हणालो होतो, रिव्ह्यूअरनं दोन ओळीत दाखवून दिलं आणि गाईडसमोर मान खाली घालून बसलो. उपाय सोपा होता, सायपाय या दुसऱ्या लायब्ररीतलं एफएफटी वापरलं, ते बीएसडी आहे, आणि आमच्या डेटाला वेगात फरक कळला पण नाही. तेव्हापासनं ज्या लायब्ररीच्या आत सी किंवा फोरट्रान आहे तिची लायसन्स फाईल मी खालपर्यंत वाचतो. नमपायच्या इन्स्टॉल झालेल्या पॅकेजमधली लायसन्स फाईल लांबलचक का असते, तर तिच्यात आत भरलेल्या ओपनब्लास वगैरेंच्या नोटिसा पण आहेत.

पायरी ४ – तुम्ही नेमकं काय वाटताय?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि उत्तर बदललं की अटी बदलतात.

फक्त सोर्स. रेपोत तुमच्या फायली आणि रिक्वायरमेंट्सची यादी, लायब्ररी वापरणारा स्वतः उतरवून घेणार. इथं तुम्ही लायब्ररीची कॉपी वाटत नाही, त्यामुळं ओझं सगळ्यात कमी. पेस्ट केलेला कोड मात्र तुम्हीच वाटताय, त्याच्या नोटिसा लागणारच.

फोल्डर उचलून टाकलेली लायब्ररी. इंटरनेट नसलेल्या लॅबसाठी लोक अख्खी लायब्ररी रेपोत कॉपी करतात. चालतं, पण तिची लायसन्स फाईल त्या फोल्डरमधे तशीच राहू द्या. "अनावश्यक फायली" म्हणून पहिल्यांदा तीच डिलीट होते.

ईएक्सई, म्हणजे विंडोजवर नुसती दाबून चालणारी फाईल. तलाठी ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत चालावं म्हणून पायइन्स्टॉलरनं एक ईएक्सई करता, त्याच्या आत पायथन, नमपाय, ओपनब्लास, पायक्यूटी सगळं भरलेलं असतं. आता तुम्ही प्रत्येकाची कॉपी वाटताय. तीसच्या तीस नोटिसा पाहिजेत, आणि आत जीपीएल असेल तर अख्ख्या ईएक्सईला जीपीएल, सोर्स कुठं मिळेल त्यासकट.

डॉकर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात. ईएक्सईसारखंच, शिवाय खाली लिनक्सची पॅकेजेस पण.

वेबसाईट. प्रोग्राम तुमच्या सर्व्हरवर, लोक फक्त ब्राऊझरमधनं वापरणार. जीपीएलच्या दृष्टीनं हे वाटप होत नाही, पण एजीपीएलमधे कलम १३ नेमकं यासाठीच आहे, बदललेली आवृत्ती नेटवर्कवरनं वापरणाऱ्यांना सोर्स मिळायची सोय द्यावी लागते. हळदीच्या पानावरचा करपा ओळखणारी ॲप्स करणाऱ्यांनी कान टवकारा, अल्ट्रालिटिक्सचं योलो (फोटोतल्या वस्तू ओळखणारं मॉडेल) एजीपीएल ३ खाली आहे, आणि आपल्याकडच्या इमेजवाल्या प्रोजेक्टमधे दर दुसऱ्यात तेच असतं.

तपासा: रीडमीत एक ओळ लिहिता येतेय का, "आम्ही सोर्स आणि विंडोजसाठी ईएक्सई देतो"? ती ओळ लिहिता येत नसेल तर पुढं जाऊ नका.

पायरी ५ – आता स्वतःचं लायसन्स निवडा

ढिगात सगळं पहिल्या प्रकारचं असेल तर एमआयटी, बीएसडी, अपाची काहीही घ्या. पेटंटची परवानगी स्पष्ट शब्दात पाहिजे तर अपाची. आपला कोड कुणी घेऊन बंद करून विकू नये असं वाटत असेल तर जीपीएल ३. इतकं साधं आहे, यावर तीन मीटिंगा घेऊ नका.

अडचण मिश्रणात येते. अपाची २.० चा कोड जीपीएल ३ च्या कामात चालतो, पण "फक्त जीपीएल २" असं लिहिलेल्या कामात चालत नाही. म्हणून "फक्त २" आहे की "२ किंवा नंतरचं" आहे हे शीटमधे अक्षरशः लिहा, एका शब्दावर सगळं फिरतं.

आता आपला पायक्यूटी. पोरांना एमआयटी पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या सोर्स फायली एमआयटीखाली ठेवायला हरकत नाही, एमआयटीचं जीपीएलशी जमतं, पण पायक्यूटीसकट बांधलेली ईएक्सई मात्र एकंदर जीपीएल ३ खाली द्यावी लागेल आणि तसं डाऊनलोडच्या जागी लिहावं लागेल. आणि गाईड म्हणाले की "फक्त शैक्षणिक वापरासाठी असं घाला" तर ती ईएक्सई देताच येणार नाही, कारण जीपीएलवर जादा बंधन घालता येत नाही. मग वाटा दोन, गाईडना समजावा, नाहीतर पायक्यूटी काढून पायसाईड लावा, ते एलजीपीएलखाली मिळतं आणि कोड बराचसा तसाच राहतो, सिग्नलची नावं वगैरे बदलावी लागतात. आम्ही गाईडना समजवायला गेलो, चहा झाला, भडंग झालं, आणि शेवटी पायसाईड लावलं.

हे करू नका:
- स्वतःचं लायसन्स रचू नका. "एमआयटी, पण विक्रीला बंदी" हे एमआयटी राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं.
- कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स (लेख, चित्रं यांसाठीची तयार लायसन्स) लावू नका, ती संस्था स्वतःच सॉफ्टवेअरसाठी नको म्हणते. मॅन्युअल, आकृत्या, स्वतःचा डेटा याला लावा.

पायरी ६ – फायली लिहा

रेपोच्या मुळाशी लायसन्स नावाची फाईल, मजकूर पूर्ण आणि न बदलता, वर वर्ष आणि पहिल्या पायरीत ठरलेल्या मालकाचं नाव. पोरं टेम्प्लेटमधलं "इथे नाव घाला" तसंच ठेवून पब्लिश करतात, हसू नका, झालंय.

मग थर्ड-पार्टी नोटिसेस नावाची वेगळी फाईल. शीटमधनं प्रत्येकाची नोंद: नाव, व्हर्जन, घर कुठलं, कॉपीराईटची ओळ, लायसन्सचा मजकूर. फक्त "नमपाय – बीएसडी" असं लिहून चालत नाही, बीएसडी आणि एमआयटी दोन्हीत मजकूरच बरोबर द्यायला सांगितलाय. ईएक्सई देत असाल तर ही फाईल झिपमधे ईएक्सईच्या शेजारी गेली पाहिजे, रेपोत असून उपयोग नाही, ऑफिसातला माणूस रेपो उघडत नाही.

प्रत्येक सोर्स फाईलच्या डोक्यावर दोन ओळी, कॉपीराईट कुणाचा आणि एसपीडीएक्स या यादीतलं ठरलेलं लायसन्सचं छोटं नाव. फाईल एकटी फिरली तरी नाव बरोबर राहतं.

उचललेल्या फंक्शनचं असं करा. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर सीसी बाय-एसए (क्रिएटिव्ह कॉमन्सचं, श्रेय द्या आणि पुढं त्याच लायसन्सखाली वाटा असं सांगणारं) खाली असतो, २ मे २०१८ पासूनचा ४.० खाली, त्याआधीचा जुन्या आवृत्त्यांखाली. फंक्शनच्या वर कमेंट टाका, उत्तराची लिंक, लिहिणाऱ्याचं तिथलं नाव, तारीख, लायसन्स, आणि आपण काय बदललं. पण तो बाय-एसए आहे, एमआयटीत सरळ विरघळत नाही, ४.० वाला जीपीएल ३ मधे एका बाजूनं जातो. म्हणून माझा सल्ला, दहा-वीस ओळींचं फंक्शन असेल तर ते बंद करा, काय करायचंय ते समजून घ्या आणि स्वतः लिहा. व्हेरिएबलची नावं बदलणं म्हणजे स्वतः लिहिणं नव्हे.

नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्सचं श्रेय दिसलं पाहिजे. स्क्रीनवर असतं, पण पेपरात टाकायला स्क्रीनशॉट कापताना नेमका तोच कोपरा कापला जातो, तेव्हा आकृतीखालच्या ओळीत परत लिहा. मुक्तासारखे फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात, फॉन्टची फाईल देताय तर तिचं लायसन्स शेजारी ठेवा.

पायरी ७ – साइटेशन

हे दुसरं देणं. सगळ्या पस्तीस लायब्ररींना पेपरात संदर्भ द्यायचा नाही, ज्यांच्याशिवाय निकाल आला नसता त्यांना द्यायचा. नियम माझा असा, मेथडच्या भागात जिचं नाव येतं तिला संदर्भ, बाकीच्या नोटिसेस फाईलमधे.

बहुतेक मोठ्या लायब्ररींनी कसा संदर्भ द्या ते सांगून ठेवलंय. नमपायचा २०२० चा नेचरमधला पेपर, सायपायचा त्याच वर्षीचा नेचर मेथड्समधला, सायकिट-लर्नचा २०११ चा, मॅटप्लॉटलिबचा जॉन हंटर यांचा २००७ चा. आरमधे साइटेशन हे फंक्शन पॅकेजचं नाव देऊन चालवलं की तयार संदर्भ मिळतो. पेपरबरोबर तुम्ही वापरलेलं व्हर्जन पण लिहा, २०२० च्या पेपरावरनं तुम्ही कुठलं नमपाय चालवलं ते कळत नाही. लायब्ररीच्या होमपेजची लिंक कंसात टाकून सोडू नका, पेज उद्या हलतं.

आता तुमच्या सॉफ्टवेअरला लोकांनी संदर्भ कसा द्यायचा. रेपोच्या मुळाशी साइटेशन डॉट सीएफएफ ही फाईल टाका, गिटहब २०२१ पासून ती वाचून उजवीकडं संदर्भाचं बटण दाखवतं. तिच्यात टायटल, लेखक, व्हर्जन, तारीख, लायसन्स, आणि खाली महत्त्वाच्या डिपेन्डन्सीज रेफरन्स म्हणून देता येतात. फाईल वायएएमएल नावाच्या मांडणीतली आहे, मार्जिनला टॅब चालत नाही, स्पेसच, आणि एक स्पेस चुकली तरी फाईल बिघडते. सीएफएफकन्व्हर्ट नावाच्या टूलनं तपासून घ्या.

आपल्या नावांची इथं हमखास वाट लागते. मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पोरं तसंच उतरवतात आणि संदर्भात वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. आडनावाच्या खान्यात फक्त आडनाव, पहिल्या नावाच्या खान्यात स्वतःचं आणि वडिलांचं, आणि ऑर्किड नंबर (संशोधकाचा कायमचा ओळख नंबर) घाला म्हणजे पेपरातलं नाव आणि इथलं नाव एकाच माणसाचं हे कळतं.

पायरी ८ – रिलीज आणि डीओआय, क्रम चुकवू नका

१. झेनोडोला (कोड जपून ठेवून डीओआय देणारी साईट) गिटहबनं लॉगिन करा आणि तुमच्या रेपोचं बटण चालू करा.
२. लायसन्स, नोटिसेस, सीएफएफ सगळं कमिट झालंय ते बघा.
३. मगच गिटहबवर रिलीज काढा. नुसता टॅग (व्हर्जनची खूण) नाही, रिलीज.

बटण चालू करायच्या आधी काढलेली रिलीज झेनोडो उचलत नाही. मग लोक घाईनं दुसरी काढतात, आणि पेपरात १.०, झेनोडोवर १.०.१.

पहिल्यांदा करताय तर झेनोडोची सँडबॉक्स साईट आहे, तिथं रंगीत तालीम करून घ्या. सबमोड्यूल (रेपोत जोडलेला दुसरा रेपो) वापरलं असेल तर झिपमधे ते फोल्डर रिकामं जातं, उघडून बघा. रेपोत झेनोडोची वेगळी जेसन फाईल आणि सीएफएफ दोन्ही असतील तर झेनोडो जेसनच धरतं, त्यामुळं एकात लेखक वाढवला आणि दुसऱ्यात विसरला की भांडणं. रेकॉर्डवर लायसन्सचा रकाना पण तपासा, रेपोत बीएसडी आणि तिथं सीसी बाय असं दोन तोंडाचं काम व्हायला नको.

डीओआय दोन मिळतात, एक त्या व्हर्जनचा, एक सगळ्या व्हर्जनचा मिळून. पेपरात निकाल ज्या कोडनं काढला त्या व्हर्जनचा द्या. रीडमीत सगळ्यांचा मिळून असलेला द्या.

पायरी ९ – पब्लिश झाल्यावर चूक सापडली तर

लपवू नका, गुपचूप फाईल बदलून तर अजिबात नको, जुनी रिलीज लोकांकडं गेलेली असते. नोटीस राहिली असेल तर घाला, नवं व्हर्जन काढा, चेंजलॉगमधे सरळ लिहा की अमुकची नोटीस राहिली होती, आता घातली. वाटायला परवानगीच नसलेली फाईल निघाली तर नुसती डिलीट करून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहते, गिट फिल्टर-रेपो या टूलनं काढावी लागते, आणि झेनोडोवरच्या जुन्या कॉपीसाठी त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं. मूळ लेखकाला पण एक मेल करा.

जीपीएल ३ मधे यासाठी सोय ठेवलीय. पहिल्यांदाच चुकला असाल आणि मालकाची नोटीस आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलंत तर तुमचा हक्क परत कायम होतो. जीपीएल २ मधे अशी सोय नाही, तिथं हक्क आपोआप जातो आणि परत मागावा लागतो. म्हणून शीटमधे २ दिसलं की ती ओळ मी लाल करून ठेवतो.